चित्ताचे हेलकावे आणि त्यांवरील औषधें

एकाद्या सुखवस्तु घरांतील कर्ता मुलगा घ्यावा. नोकरींत नेमस्त, बोलण्यांत मोजका, खर्चांत जपून वागणारा. एके वर्षीं त्याची झोप अचानक कमी होते. रात्रीं दोन-तीन तास डोळा लागला तरी सकाळीं तो ताजातवाना दिसतो. एकामागून एक नव्या धंद्यांच्या योजना तो बोलून दाखवितो, कर्ज काढून मोटार घेतो, वरिष्ठांशीं भांडून राजीनामा देतो आणि घरच्यांनीं अडविलें तर त्यांच्याच अंगावर धांवून जातो. दोन महिन्यांनीं हा पूर ओसरतो आणि तोच मुलगा अंथरुणांतून उठेनासा होतो. अन्नाची चव जाते, माणसें नकोशीं होतात, जगण्यांत आतां कांहीं उरलें नाहीं असें तो पुटपुटूं लागतो. घरांतील वडील माणसें पहिल्या अवस्थेस ग्रहांचा फेरा म्हणतात आणि दुसरीस आळस म्हणतात. हीं दोन्ही निदानें चुकीचीं असतात, आणि या चुकीची किंमत कधीं कधीं एका जीवाएवढी असते.

हर्ष आणि खेद हे मनुष्यस्वभावाचेच भाग आहेत. परीक्षेचा निकाल, लग्नकार्य, घरांतील मृत्यु यांच्याबरोबर मन वर-खालीं होणारच. त्यास औषध लागत नाहीं व देऊंहि नये. पण जेव्हां कारणावांचून किंवा कारणाच्या मानानें फारच अधिक उल्हास आठवडाभर वा त्याहून जास्त टिकतो, अथवा औदासीन्य दोन-दोन आठवडे हटत नाहीं, आणि त्याबरोबर झोप, भूक, पैशाचा व्यवहार व कामधंदा यांची घडी विसकटते, तेव्हां तो स्वभाव नसून रोग असतो. जर्मन मानसवैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं १८९९ मध्यें उन्माद आणि विषाद हीं एकाच रोगाचीं दोन रूपें आहेत, असा सिद्धांत मांडला. आज या रोगास द्विध्रुवी विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें ४ कोटि लोक या विकारानें ग्रस्त होते. कंठांतील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, मद्य, आणि दमा वा संधिवातावर दिलीं जाणारीं स्टेरॉइड जातीचीं औषधें यांनींहि मनाचे असेच हेलकावे होऊं शकतात. म्हणून जाणता डॉक्टर गोळी लिहिण्यापूर्वीं या गोष्टींचा तपास करतो.

निदान पक्कें झालें कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं यावर सर्वांत चांगलें औषध कोणतें? हा प्रश्न वरकरणीं सरळ दिसला तरी त्यास एक उत्तर नाहीं. या रोगांत औषधास तीन निरनिराळीं कामें करावयाचीं असतात. चढलेला उन्माद उतरविणें हें पहिलें. बुडालेलें मन वर काढणें हें दुसरें. आणि दोन्ही अवस्था पुन्हां येऊं न देणें हें तिसरें. तिन्ही कामें सारख्याच कौशल्यानें करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. शिवाय प्रत्येक औषध आपली किंमत रोग्याच्या शरीराकडून वसूल करतें. तेव्हां तुलना करावयाची ती काम आणि किंमत या दोहोंची, आणि तीहि त्या विशिष्ट रोग्याच्या बाबतींत.

या सर्व औषधांत वडीलपणाचा मान लिथियम या क्षाराकडे जातो. स्वीडनमधील आर्फवेडसन या तरुण रसायनज्ञास १८१७ मध्यें एका खनिजांत हें मूलद्रव्य सांपडलें, आणि दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. मनाच्या रोगावरील त्याच्या आधुनिक उपयोगाची कथा मात्र ऑस्ट्रेलियांत सुरू होते. दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूर येथें साडेतीन वर्षें जपान्यांच्या कैदेंत काढून परत आलेले डॉ. जॉन केड हे मेलबर्नजवळील एका मनोरुग्णालयांत काम करीत होते. उन्मादी रोग्यांच्या मूत्रांत कांहीं विषारी द्रव्य असावें, या तर्कानें ते गिनिपिगांवर प्रयोग करीत असतां लिथियमच्या क्षारानें ते चपळ प्राणी शांत पडून राहतात, असें त्यांच्या दृष्टीस आलें. मूळचा तर्क पुढें खरा ठरला नाहीं. पण निरीक्षण खरें ठरलें. केड यांनीं तो क्षार प्रथम स्वतः घेऊन पाहिला आणि मग १९४८ च्या मार्च महिन्यांत पांच वर्षें उन्मादांत असलेल्या एका ५१ वर्षांच्या रोग्यास दिला.

तो रोगी कांहीं आठवड्यांतच शांत झाला, जुलै महिन्यांत घरीं गेला आणि आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. पुढें बरें वाटूं लागल्यावर त्यानें औषध सोडलें. सहा महिन्यांच्या आंतच तो पूर्वीच्याच अवस्थेंत रुग्णालयांत परत आला. औषध पुन्हां सुरू झालें, गुण पुन्हां आला. परंतु १९५० मध्यें लिथियमचें विष अंगांत भिनून त्याचा अंत झाला. केड यांचा दहा उन्मादी रोग्यांविषयींचा निबंध ३ सप्टेंबर १९४९ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि त्यानें या रोगाच्या चिकित्सेंत नवें युग सुरू झालें. पण त्या पहिल्या रोग्याच्या हकीकतींत या साऱ्या विषयाचें सार आलें आहे: औषध सोडल्यास रोग उलटतो, आणि औषध मोजल्यावांचून दिल्यास तेंच घात करतें.

त्याच १९४९ सालीं अमेरिकेंत हृदयरोग्यांना मिठाऐवजीं लिथियम क्लोराइड वापरण्यास दिलें जात होतें. त्यांतून कित्येकांस विषबाधा झाली, कांहीं दगावले, आणि तो क्षार बाजारांतून काढून टाकण्यांत आला. लिथियमची अब्रू त्यामुळें बरींच वर्षें गेली. ती परत आणली दोन गोष्टींनीं. मेलबर्न येथेंच ट्राउटनर व त्यांचे सहकारी यांनीं रक्तांतील लिथियम मोजून मात्रा ठरविण्याची पद्धत घातली. आणि डेन्मार्कमधील मोगेन्स शू यांनीं १९५४ पासून काटेकोर प्रयोग करून हें औषध उन्माद उतरवितें, एवढेंच नव्हे तर पुढील झटकेहि टाळतें, असें दाखवून दिलें. अमेरिकेंत त्यास परवानगी मिळावयास १९७० साल उजाडलें.

आजहि झटके टाळण्याच्या तिसऱ्या कामांत लिथियमची बरोबरी करणारें औषध क्वचितच आहे. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' या प्रयोगांत ३३० रोग्यांवर लिथियम व व्हॅल्प्रोएट यांची तुलना झाली. लिथियम, एकटें असो वा जोडीनें, एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षां सरस ठरलें. आत्महत्येचा धोका लिथियमनें कमी होतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांतून निघाला आहे. अलीकडील एका मोठ्या प्रयोगांत मात्र तो दिसून आला नाहीं. या औषधाची किंमत अशी: तहान वाढते, लघवीस वारंवार जावें लागतें, बोटांस बारीक कंप सुटतो, वजन कांहींसें वाढतें. पुष्कळ वर्षांच्या सेवनानें थायरॉइड ग्रंथि मंदावते आणि कित्येकांच्या मूत्रपिंडांचें काम कमी होतें. थायरॉइडची उणीव एका साध्या गोळीनें भरून निघते; मूत्रपिंडावर मात्र सतत नजर ठेवावी लागते.

लिथियमचा गुण आणि त्याचें विष यांमधील अंतर फार थोडें आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीं काढलेल्या रक्तांत दर लिटरमागें साधारण ०·६ ते १ मिलिमोल एवढें लिथियम असलें म्हणजे तें हितकर. १·५ च्या वर गेलें म्हणजे धोक्याचें. मूत्रपिंडास लिथियम आणि मिठांतील सोडियम हीं भावंडांसारखीं वाटतात. शरीरांत मीठ वा पाणी कमी पडलें कीं मूत्रपिंड सोडियम राखूं पाहतें आणि त्याबरोबर लिथियमहि राखून ठेवतें. म्हणून वैशाखांतील घाम, जुलाब-वांत्या, निर्जळी उपास, अथवा रक्तदाबासाठीं एकाएकीं मीठ तोडणें, या गोष्टी या रोग्यास जोखमीच्या आहेत. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून सहज आणली जाणारी आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅकची गोळी आणि रक्तदाबावरील कित्येक औषधें यांनींहि रक्तांतील लिथियम वाढतें. हात जाडजाड थरथरूं लागले, जीभ जड झाली, पाय लटपटूं लागले, वांत्या व ग्लानि आली, तर पुढची गोळी न देतां रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें.

एकाच औषधाचे दोन चेहरे असतात याचा अनुभव या देशासहि आहे. सर्पगंधेचें मूळ वेडावर व रक्तदाबावर उपयोगी पडतें, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें लिहिलें. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालींच त्याच्या रक्तदाबावरील गुणांविषयीं ब्रिटिश नियतकालिकांत निबंध लिहून त्या मुळीस जगप्रसिद्ध केलें. पुढें त्यांतून निघालेलें रिसर्पिन हें द्रव्य क्षुब्ध रोग्यांस शांत करण्यासाठीं सर्वत्र वापरलें गेलें. आणि थोड्याच काळांत तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस गाढ खिन्नता येते, अशा तक्रारी पुढें आल्या. मनाचा चढ उतरविणारें औषध त्यास उताराच्या खालींहि ढकलूं शकतें, ही जाणीव वैद्यांस तेव्हांपासून विशेष झाली.

लिथियमनंतरचीं दोन औषधें अपस्माराच्या, म्हणजे फेंफऱ्याच्या, चिकित्सेंतून आलीं. त्यांपैकीं व्हॅल्प्रोएट हा द्राव १८८२ पासून रसायनज्ञांस माहीत होता. पण फ्रान्समध्यें १९६० नंतर इतर औषधें विरघळविण्यासाठीं तो वापरला असतां झटके थांबविण्याचा गुण त्या द्रावांतच आहे, असें अकस्मात् आढळलें. उन्माद उतरविण्यांत तो जलद आहे, आणि लिथियमसारखी मोजमापाची कडक बेडी त्यास नाहीं. त्याची किंमत म्हणजे वजनवाढ, केंस गळणें, हातांचा कंप, आणि क्वचित् यकृत वा स्वादुपिंड यांस होणारी गंभीर इजा.

परंतु व्हॅल्प्रोएटचा सर्वांत मोठा दोष रोग्याच्या शरीरांत दिसत नाहीं, तो पुढच्या पिढींत दिसतो. गर्भारपणांत हें औषध चालू राहिलें तर शंभरांतील सुमारें दहा बालकांत कांहींना कांहीं जन्मजात व्यंग आढळतें, आणि शंभरांतील तीस ते चाळीस बालकांच्या बुद्धीच्या वा वागणुकीच्या वाढींत अडथळे येतात. पाठीच्या कण्याचें व्यंग तर गर्भ राहिल्याचें ध्यानांत येण्यापूर्वींच घडून गेलेलें असतें. म्हणून ज्या स्त्रीस पुढें मूल होण्याचा संभव आहे तिला हें औषध देऊं नये, असा आज जगभरच्या वैद्यकाचा कौल आहे. ब्रिटनमध्यें जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणाहि स्त्री-पुरुषास तें नव्यानें सुरू करावयाचें तर दोन तज्ज्ञांची संमति लागते. आपल्याकडे मुलीचें लग्न ठरवितांना तिचा आजार व तिच्या गोळ्या या दोन्ही गोष्टी झांकून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या झांकण्यामुळें ती सासरीं गोळ्या चोरून घेते किंवा अजिबात सोडते. पहिल्या मार्गांत गर्भास धोका आणि दुसऱ्यांत तिला. लग्नापूर्वींच डॉक्टरांकडून औषध बदलून घेणें हा तिसरा व खरा मार्ग असतो.

दुसरें औषध कार्बामाझेपिन. स्वित्झर्लंडमधील बाझल येथें १९५३ मध्यें तें तयार झालें आणि उन्मादावरील त्याचा गुण १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जपानी डॉक्टरांनीं पुढें आणला. लिथियम न मानवणाऱ्यांस तें उपयोगी पडतें. पण तें यकृतास असें कामाला लावतें कीं संततिनियमनाच्या गोळ्यांसकट इतर अनेक औषधांचा प्रभाव घटतो. रक्तांतील सोडियम उतरतें. आणि क्वचित् अंगावरील कातडी सोलून निघण्याइतका भयंकर त्वचाविकार होतो. एक विशिष्ट आनुवंशिक गुण असणाऱ्या आशियाई लोकांत हा धोका अधिक असतो. तो गुण रक्ताच्या तपासणीनें आधींच ओळखतां येतो.

याच कुळांतील लॅमोट्रिजिन मात्र वेगळ्या स्वभावाचें आहे. चढलेल्या उन्मादावर त्याचा उपयोग नाहीं; पण ज्यांस उन्माद थोडा व विषाद फार, त्यांच्या विषादाचे फेरे तें कमी करतें. त्यानें वजन सहसा वाढत नाहीं, सुस्ती येत नाहीं, आणि गर्भारपणांतहि तें इतरांच्या मानानें सुरक्षित समजलें जातें. त्याची किंमत धीर ही आहे. मात्रा भराभर वाढविल्यास तोच भयंकर त्वचाविकार होऊं शकतो. म्हणून रोज २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दीड-एक महिन्यांत हळूहळू २०० पर्यंत जावें लागतें. व्हॅल्प्रोएट बरोबर असेल तर त्याच्याहि निम्म्यानें. पांच-सहा दिवस गोळी चुकली तर जुन्या मात्रेवर उडी न घेतां डॉक्टरांस विचारून पुन्हां पहिल्या पायरीपासून चढावें लागतें. अंगावर पुरळ दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

तिसरा वर्ग मूळच्या भ्रमनाशक औषधांचा. ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल हीं त्यांतील परिचित नांवें. उन्मादाच्या पुरांत बांध घालण्याचें काम हीं औषधें थोड्याच दिवसांत करतात; क्वेटियापिन खिन्नतेवरहि गुणकारी आहे. पण ओलान्झापिननें भूक इतकी खवळते कीं थोड्या महिन्यांत कपडे तोकडे पडतात आणि रक्तांतील साखर व चरबी वाढते. मधुमेह ज्या समाजांत घरोघर आहे तेथें ही किंमत लहान नव्हे. क्वेटियापिननें झोप फार येते. रिस्पेरिडोननें स्त्रियांची पाळी चुकते व क्वचित् स्तनांतून दूध येतें. अॅरिपिप्राझोलनें वजन फारसें वाढत नाहीं, पण कित्येकांस एका जागीं बसवत नाहीं अशी अस्वस्थता जडते. या अस्वस्थतेस घरचे लोक रोगच वाढला असें समजतात, वास्तविक ती औषधाची असते व मात्रा कमी केल्यास बहुधा जाते. नव्यांपैकीं लुरॅसिडोन हें वजन व साखर या बाबतींत सौम्य आहे. मात्र तें भरपेट जेवणाबरोबर घेतलें नाहीं तर पुरतें अंगीं लागत नाहीं.

येथें एका सामान्य चुकीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. खिन्नतेच्या काळांत रोगी डॉक्टरांकडे जातो, पूर्वींच्या उल्हासाचा भाग सांगत नाहीं, कारण त्यास तो आजार वाटलेलाच नसतो. आणि केवळ खिन्नतेवरची गोळी घेऊन परततो. द्विध्रुवी विकारांत अशी एकटी गोळी मनास विषादांतून उचलून थेट उन्मादांत टाकूं शकते. म्हणून पहिल्या भेटींत बरोबर गेलेल्या पत्नीनें, आईनें वा भावानें मागील चढाची हकीकत संकोच न ठेवतां सांगावी.

औषधांच्या दुष्परिणामांचे व्यवहारतः तीन प्रकार करतां येतात. मळमळ, गुंगी, बारीक कंप हे पहिल्या कांहीं आठवड्यांचे पाहुणे. ते बहुधा आपोआप किंवा मात्रा व वेळ बदलल्यानें जातात. वजन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंड हे मुक्कामाला येणारे. त्यांस ठराविक मुदतीनें रक्त तपासून, वजनकाटा पाहून आवरावें लागतें. पुरळ, कावीळ, पोटांतील तीव्र कळ, लटपट व ग्लानि हे मात्र दारावर थाप मारणारे. त्यांच्यासाठीं दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. हा भेद ज्या घरास कळला त्या घरांत भीतीहि कमी होते आणि हलगर्जीहि.

या रोगांत सर्वांत अधिक नुकसान कोणत्याहि एका औषधानें होत नाहीं. तें गुपचूप सोडलेल्या औषधानें होतें. हात कांपतो म्हणून लिहितांना लाज वाटते, लठ्ठपणावरून कोणी हंसतें, पूर्वींचा तो उल्हास हरवल्याची हुरहुर लागते, अथवा आतां तर बरा आहे असें वाटतें. आणि एके दिवशीं डबी कपाटांत मागें सारली जाते. लिथियमसारखें औषध एकदम तोडल्यास उन्माद थोड्याच महिन्यांत उलटण्याचा धोका फार असतो. तक्रार असेल तर ती डॉक्टरांस स्पष्ट सांगावी. दहापैकीं बहुतेक तक्रारींस मात्रा, वेळ वा औषध बदलणें हा उपाय असतो. आणि जीव देण्याची भाषा ऐकूं आली तर ती धमकी समजून दुर्लक्षूं नये. रोग्यास एकटें ठेवूं नये, गोळ्यांचा सांठा त्याच्या हातीं देऊं नये, आणि लगेच रुग्णालय गांठावें. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनि-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र व मराठींतूनहि सल्ला देते.

घरच्यांनीं करावयाचें काम तसें साधें आहे. एका वहींत रोजची झोप, मनाची स्थिति, वजन व घेतलेली गोळी यांची दोन ओळींची नोंद ठेवावी. झोप सलग दोन-तीन रात्रीं उडाली तर तो पुराचा पहिला लोंढा समजावा आणि पुढची तारीख येण्याची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें. डॉक्टरांपुढें ती वही ठेवली म्हणजे कोणतें औषध चांगलें, या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. तें त्या वहींतच हळूहळू उमटतें.

आरंभीं वर्णिलेला मुलगा अशा घरांत असेल तर तो पुन्हां नोकरीवर जातो, ठरल्या मुदतीनें रक्त तपासून घेतो, उन्हाळ्यांत पाण्याचा तांब्या जवळ ठेवतो आणि रात्रीं वेळेवर निजतो. हें त्याचें जीवन बाहेरून पाहणारास अगदीं सामान्य वाटेल. तें सामान्य राखण्यासाठीं किती जणांनीं किती वर्षें खपून ही वाट तयार केली, याची जाणीव मात्र त्याच्या घरच्यांस असते.